जवळ्याच्या यादीत झुरळ कुठून आलं? (मास स्पेकवर मिश्रणातली प्रथिनं ओळखताना)

विरारफास्ट

नमस्कार मंडळी. एमएस्सी बायोकेमिस्ट्री, शेवटचं सेमिस्टर. प्रोजेक्टचा विषय: सुक्या जवळ्यातली ॲलर्जी आणणारी प्रथिनं. आईला कोळंबी खाल्ली की ओठ सुजतात, पण जवळ्याची चटणी चालते असं तिचं ठाम मत आहे. विषय तिथूनच सुचला.

जवळा मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारातून घेतला. कॉलेजात लिक्विड नायट्रोजन नाही, म्हणून डीप फ्रीजरमध्ये कडक गारठवून खलात कुटला. ८ मोलर युरियात अर्क काढला, ॲसिटोनने प्रथिनं खाली बसवली, परत युरियात विरघळवून डीटीटी, मग आयोडोॲसिटामाइड (सल्फरचे पूल तोडून ते परत जुळू नयेत म्हणून), मग युरिया पातळ करून ३७ अंशांवर रात्रभर ट्रिप्सिन (प्रथिनं कापून पेप्टाइडं, म्हणजे लहान तुकडे, करणारं एन्झाइम). सी-१८ टिपवर मीठ धुतलं, पेप्टाइडं वाळवली आणि पैसे भरून बाहेरच्या एका लॅबकडे दिली, कारण आमच्याकडे मास स्पेक (रेणूंची वजनं मोजणारं मशीन) नाही. त्यांनी नॅनो एलसीला (पेप्टाइडं वेगळी करून एकामागून एक सोडणाऱ्या कॉलमला) जोडलेल्या ऑर्बिट्रॅपवर, म्हणजे एका प्रकारच्या मास स्पेकवर, रन घेऊन रॉ फाइल आणि एक एक्सेल पाठवलं. सोबत एवढंच: ‘डेटाबेस युनिप्रॉट, संधिपाद प्राणी, एफडीआर १ टक्का.’ (युनिप्रॉट म्हणजे प्रथिनांच्या सीक्वेन्सचा, अमिनो आम्लांच्या क्रमांचा, साठा; एफडीआर म्हणजे चुकीच्या जुळण्यांचं प्रमाण.) फोन केला तर म्हणाले, रिपोर्टमध्ये सगळं आहे.

एक्सेलमध्ये ६४३ ओळी आहेत. ट्रोपोमायोसिन (कोळंबीतलं ॲलर्जी आणणारं मुख्य प्रथिन) सगळ्यात वर, त्याचा आनंद झाला, पण तेच नाव नऊ वेळा आहे: व्हेनामी कोळंबी, टायगर कोळंबी, खेकडा, धुळीतला माइट आणि चक्क अमेरिकन झुरळ. अर्जिनिन कायनेजचंही तेच. खाली गेलं की मधमाशी आहे, एक फुलपाखरू आहे. जवळ्याचं, म्हणजे ॲसिटीस इंडिकसचं, नाव मात्र एकदाही नाही.

प्रश्न असे. झुरळ खरंच सॅम्पलमध्ये आहे का? (बाजारातला जवळा, नाही म्हणायला जीभ रेटत नाही.) माणसाचं केराटिन (त्वचा-केसांतलं प्रथिन, हाताळताना सॅम्पलमध्ये पडतं ते) यादीत एकही नाही, म्हणजे निदान माझं काम स्वच्छ झालं असं धरू का? आणि गाइड मॅडम म्हणतात ‘६४३ प्रथिने सापडली’ असं लिहून मोकळा हो. लिहू का?

पिपेटवाला

शेवटच्याचं उत्तर आधी: नको लिहूस. व्हायवाला कुणी जाणकार आला तर सोलून काढेल. झुरळाची ओळ सरळ डिलीट मार, कुणाला कळतंय. बाकी आमच्या लॅबमध्ये केराटिन नसलेला रन अजून कुणी बघितलेला नाही, तुझं अभिनंदन!

एमबायझेड

पिपेटवाले, ओळ डिलीट करायला सांगू नका हो पोरांना. आज झुरळ उडवेल, उद्या गाइडला न आवडलेलं काहीही उडवेल.

विरारफास्ट, तुझ्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच अडकलंय. केराटिन नाही म्हणतोस. मग ट्रिप्सिन आहे का यादीत? डुकराचं ट्रिप्सिन तू स्वतःच्या हाताने घातलंस, रात्रभर ठेवलंस, आणि ते थोडंफार स्वतःलाही कापत बसतं. ते दिसायलाच हवं. रॉ फाइल एखाद्या व्ह्यूअरमध्ये उघड आणि ४२१.७६ एम/झेडचा (एम/झेड म्हणजे वजन भागिले विद्युतभार) क्रोमॅटोग्राम काढ. डुकराच्या ट्रिप्सिनचं एक पेप्टाइड एक प्रोटॉन घेऊन ८४२.५१ वर येतं. इलेक्ट्रोस्प्रेमध्ये त्याला बहुतेक वेळा दोन चिकटतात, म्हणून ४२१.७६. आयसोटोपची शिखरं एकमेकांपासून अर्ध्या एककावर दिसली की समज, तेच. माझी पैज आहे की ते तिथे ठळक असणार आणि तुझ्या एक्सेलमध्ये नसणार. कारण सोपं आहे. शोध लावला संधिपादांच्या डेटाबेसवर. त्यात डुक्कर नाही, माणूस नाही, म्हणून ट्रिप्सिन नाही आणि केराटिनही नाही. जे डेटाबेसमध्ये घातलंच नाही ते सॉफ्टवेअर जन्मात शोधून देणार नाही. जवळ्याचं नाव का नाही, त्याचंही उत्तर हेच: तो संधिपाद असला तरी त्याचे सीक्वेन्स त्या डेटाबेसमध्ये नसल्यातच जमा.

आता बिचाऱ्या केराटिनच्या स्पेक्ट्रमचं काय झालं? बरेचसे बेवारस राहिले असतील. पण लाखो सीक्वेन्सच्या ढिगात त्यातल्या काहींना बऱ्यापैकी जुळणारं काहीतरी मिळालं असेल. तुझी मधमाशी आणि ते फुलपाखरू मला तिथलेच वाटतात.

एक गोष्ट नीट डोक्यात बसव: मशीनला प्रथिन दिसतच नाही. तू ते आधीच तोडलंस. ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिनच्या पुढे कापतं (पुढे प्रोलिन असेल तर सहसा नाही), आणि मशीनमध्ये जातात ते त्या कापातले हजारो तुकडे, कुठल्या प्रथिनाचे ते न सांगता. १९९३ साली पेप्टाइडांच्या नुसत्या वजनांवरून प्रथिन ओळखायची पद्धत आली, तेव्हा ती जेलवरचा एकेक ठिपका कापून घेऊन चालायची. एका ठिपक्यात एखाद-दोन प्रथिनं, म्हणजे वजनांची यादी बऱ्यापैकी बोलकी. तुझ्यासारखा अख्खा अर्क घेतला तर एकाच वजनाची डझनभर पेप्टाइडं निघतात आणि ती पद्धत तिथेच कोलमडते. म्हणून मशीन दोनदा मोजतं. पहिल्यांदा अख्ख्या पेप्टाइडचं एम/झेड, मग तेच पेप्टाइड वेगळं काढून, गॅसच्या रेणूंवर आपटून, फुटलेल्या तुकड्यांचं. पाठीचा कणा बहुतेक पेप्टाइड बंधापाशी तुटतो. एका टोकाकडून मोजलं तर बी आयनांची शिडी, दुसऱ्या टोकाकडून वायची. दोन पायऱ्यांमधलं अंतर म्हणजे एका अमिनो आम्लाचं वजन: ५७.०२ असलं तर ग्लायसिन, ११३.०८ असलं तर ल्युसिन नाहीतर आयसोल्युसिन. या दोघांचं वजन तंतोतंत सारखं, त्यामुळे नेहमीच्या रनमध्ये कुठलं ते कळत नाही.

शिडी हाताने वाचणं छान असतं पण रन संपेपर्यंत असे हजारो स्पेक्ट्रम जमतात. १९९४ साली एंग, मॅककॉर्मॅक आणि येट्स यांचं सीक्वेस्ट आलं, आणि तेव्हापासून बहुतेक सॉफ्टवेअर तेच काम उलट बाजूने करतं: डेटाबेसमधली प्रथिनं कागदावर कापायची, प्रत्येक पेप्टाइडचा स्पेक्ट्रम कसा दिसेल ते मांडायचं आणि सगळ्यात जास्त जुळणाऱ्याला स्कोर द्यायचा. सगळ्यात जास्त जुळणारं म्हणजे बरोबर, असं नाही. दिलेल्या उमेदवारांत तो बरा, इतकंच.

हे झालं पेप्टाइडचं. पेप्टाइडवरून प्रथिनाकडे जाताना खरी गोची होते. ट्रोपोमायोसिन हे कवचधाऱ्यांत २८४ अमिनो आम्लांचं, स्नायूतलं फार जुनं प्रथिन. कोळंबी आणि झुरळ यांच्यात ते ऐंशी टक्क्यांच्या आसपास सारखं आहे. कोळंबीची ॲलर्जी असलेल्या काहींचे अँटिबॉडी माइटच्या आणि झुरळाच्या ट्रोपोमायोसिनलाही धरतात ते त्यामुळेच. म्हणजे तुझी कित्येक पेप्टाइडं दोघांतही जशीच्या तशी आहेत. दादरला उतरलेला माणूस पश्चिमने आला की मध्यने, हे त्याच्याकडे बघून सांगता येत नाही. खिशात नालासोपाऱ्याचं तिकीट सापडलं तर सांगता येतं. तुझ्या नऊ ओळींपैकी प्रत्येकीसाठी असं तिकीट, म्हणजे फक्त त्याच प्रथिनात असलेलं पेप्टाइड, आहे का ते बघ. एक्सेलमध्ये ‘युनिक पेप्टाइड’चा रकाना असेल, कधी कधी लपवलेला असतो. तिथे शून्य असलेली ओळ म्हणजे वेगळं प्रथिन नव्हे. ती इतरांबरोबर एका गटात जायला हवी होती आणि ज्याने हे एक्सेल केलं त्याने गट मोडून सगळी नावं खाली ओतलीत. नेस्विझ्स्की आणि एबरसोल्ड यांनी २००५ मध्ये या त्रांगड्यावर सविस्तर लिहिलंय, मिळवून वाच, मॅडमनाही दे.

आणि तो १ टक्का. कसला १ टक्का, हे त्यांना विचार. एफडीआर काढतात तो असा: खऱ्या डेटाबेसला उलट्या लिहिलेल्या खोट्या सीक्वेन्सची जोड द्यायची. खोट्यांवर जितके स्पेक्ट्रम बसले, साधारण तितकेच खऱ्यांवरही चुकून बसले असणार असं धरायचं, आणि स्कोरची रेघ अशी ओढायची की चुकीचे १ टक्क्यावर जाऊ नयेत. पण हे स्पेक्ट्रमच्या पातळीवर केलं असेल तर हिशोब कर. समज तुझे १८,००० स्पेक्ट्रम जुळले. १ टक्का म्हणजे १८० चुकीचे. बरोबर असलेले सगळे ट्रोपोमायोसिन, मायोसिन, हिमोसायनिन अशा मोजक्या प्रथिनांवर थरावर थर रचतात. चुकीचे तसं करत नाहीत, ते वाऱ्यावर उडाल्यासारखे एकेका वेगळ्याच प्रथिनावर जाऊन बसतात. म्हणजे ६४३ ओळींतल्या शंभर-दीडशे ओळी नुसत्या या १ टक्क्यातूनही येऊ शकतात. प्रथिनाच्या पातळीवरचा एफडीआर वेगळा काढावा लागतो.

तेव्हा रॉ फाइल आहे ना, शोध स्वतः लाव. फ्रॅगपाइप किंवा मॅक्सक्वांट, दोन्ही शिक्षणासाठी फुकट. डेटाबेस लहान आणि विचार करून बांध: व्हेनामीचा घे (तिचा जिनोम २०१९ मध्ये आला, २५ हजारांहून जास्त जीन आहेत), टायगर कोळंबीचा घे, आणि नेहमीच्या दूषकांची यादी न विसरता जोड. त्यात केराटिन, ट्रिप्सिन, गाईच्या सीरमचं अल्ब्युमिन, दुधाचं केसिन सगळं असतं. झुरळही मुद्दाम ठेव, त्याला बाजू मांडायची संधी मिळू दे.

मूळ तंत्र पहिल्यापासून समजून घ्यायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या संजीव श्रीवास्तवांचे प्रोटिओमिक्सचे कोर्स एनपीटीईएलवर आहेत. इंग्रजीत आहेत, पण सावकाश शिकवतात.

वेसावची_सून

मी बायोकेमिस्ट्रीतली नाही, पण जवळ्यातली आहे, म्हणून मध्ये तोंड घालते. भाऊ, तू ज्याला जवळा म्हणतोस तो नुसता जवळा नसतो. डोल जाळ्यात भरतीओहोटीच्या पाण्याबरोबर येईल ते सगळं शिरतं, जाळं काही निवडत नाही. पाटीत ओतला की बघ: बारीक करंदी असते, अंबाड असते, बोटाच्या पेराएवढी मांदेली असते, बोंबलाचं पिल्लू असतं, कधी माकुल. मोठं असेल ते बायका हाताने काढतात, बारीक ते तसंच वाळतं. निवडलेल्याचा भाव वेगळा, न निवडलेल्याचा वेगळा. मरोळला पोत्यातून घेतला असशील तर तो कुठल्या बंदराचा, किती वेळा हात बदलून आलाय, विकणारीलाही सांगता येणार नाही.

आणखी एक. उन्हाचा जोर असला तर दिवसात खडखडीत वाळतो. ढग आले की ओला राहतो, वास धरतो, पोटाकडून काळा पडतो. अख्खाच वाळवतात ना तो, डोकं-पोट कोण काढणार. पावसाच्या तोंडावर भरून ठेवलेला तर हवा लागून मऊ होतो, मग पुन्हा ऊन दाखवतात. तुला एकच जात हवी असेल तर सकाळी बंदरावर ये, ओला घे, बशीत पसरून भिंगाने निवड.

आणि आईला सांग, ओठ सुजतात तर जवळाही नको. आमच्यात एकीला तसंच व्हायचं, एकदा घसा धरला आणि रात्री धावपळ झाली.

विरारफास्ट

ताई, दोघींचेही आभार. ४२१.७६ सापडलं. चांगलं दणदणीत शिखर आहे, शेजारची अर्ध्या-अर्ध्यावर. पैज तुम्ही जिंकलात.

वेसावच्या ताईंचं वाचून डेटाबेस पुन्हा बांधला: व्हेनामी, टायगर, करंदी-अंबाडीसाठी गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीचे, म्हणजे मॅक्रोब्रॅकियमचे, जेवढे मिळाले तेवढे सीक्वेन्स, मांदेलीच्या गणातला म्हणून हेरिंग, माकुलासाठी एक स्क्विड, अमेरिकन झुरळ, दूषकं. फ्रॅगपाइप रात्री लावून ठेवलं. प्रथिनाच्या पातळीवर १ टक्का ठेवून आता ३७१ गट आले. केराटिन पहिल्या वीसांत आहे, ट्रिप्सिनही आलं. मधमाशी, फुलपाखरू हे तर डेटाबेसमध्येच नव्हते, पण त्यांच्या खात्यावरचे बरेच स्पेक्ट्रम आता केराटिनला गेलेत, स्कोरही वाढलाय. माशाचं पार्व्हाल्ब्युमिन (माशाच्या स्नायूतलं लहानसं प्रथिन) आलं, एकाच पेप्टाइडवर.

ट्रोपोमायोसिनच्या नऊ ओळींच्या दोन झाल्या. पहिली कोळंबीची, भरपूर पेप्टाइडं. दुसरी झुरळाची! एक युनिक पेप्टाइड, तीन स्पेक्ट्रम, स्कोर उत्तम. शिडी हाताने लावून बघितली, वाय आयन एकही गळत नाही. म्हणजे आता झुरळाला तिकीट मिळालं म्हणायचं?

एमबायझेड

शिडी हाताने लावलीस, शाब्बास. हल्ली कुणी लावत नाही.

आता ते पेप्टाइड आणि कोळंबीमधलं त्याच जागेचं पेप्टाइड एकाखाली एक लिही. फरक किती अमिनो आम्लांचा आहे? एकाचाच असेल, आणि कोळंबीत तिथे अस्पॅराजिन आणि झुरळात अस्पार्टिक आम्ल असेल, तर थांब. अस्पॅराजिनचा अमाइड गळून पडला की त्याचं अस्पार्टिक आम्लच होतं. वजन ०.९८४ ने वाढतं आणि जे उरतं त्यात आणि जन्मजात अस्पार्टिक आम्लात वजनाने काडीचा फरक नसतो. हे डीअमिडेशन जुन्या, ओलसर राहिलेल्या, ऊन खाल्लेल्या प्रथिनांत भरपूर होतं, आणि तुझं ३७ अंशांवरचं रात्रभराचं ट्रिप्सिनही त्यात भर घालतं. वेसावच्या ताईंनी वर जे वर्णन केलंय, पुन्हा पुन्हा ऊन दाखवलेला मऊ जवळा, ते वाचताना माझ्या मनात हेच आलं. तू शोधात डीअमिडेशनची मुभा दिली नसशील, तर सॉफ्टवेअरपुढे दुसरा पर्यायच नव्हता.

मुभा देऊन शोध पुन्हा लाव. मग त्याच पेप्टाइडचं न गळलेलं रूप, ०.९८४ ने हलकं, रनमध्ये जवळपासच्या वेळेला निघतंय का बघ. निघत असेल तर झुरळाचं तिकीट रद्द, ते पेप्टाइड दोघांचं. एक खबरदारी: हलक्या रूपाच्या दुसऱ्या आयसोटोपचं अंतर १.००३ असतं, डीअमिडेशनचं ०.९८४. दोन प्रोटॉनवाल्या पेप्टाइडात हा फरक एम/झेडवर ०.०१ च्याही आत येतो. ऑर्बिट्रॅपला तो कळतो, पण सहिष्णुता (वजन जुळवताना चालवून घेतलेला फरक) २० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत २०, ठेवून बसलास तर सॉफ्टवेअर आयसोटोपलाच डीअमिडेशन म्हणून मोकळं होईल. घट्ट कर.

आणि नुसत्या ट्रोपोमायोसिनवर झुरळाला धरू नकोस. सॅम्पलमध्ये झुरळ खरंच कुटलं गेलं असेल तर त्याचं मायोसिन, त्याचं अर्जिनिन कायनेज, त्याच्या रक्तातली साठ्याची प्रथिनं, कुणीतरी स्वतःचं वेगळं पेप्टाइड घेऊन यायला हवं. अख्खं जनावर एकाच पेप्टाइडापुरतं येत नाही.

दुसरं म्हणजे ‘पोटाकडून काळा पडतो’ हे वाक्य तुझ्यासाठी महत्त्वाचं आहे. कोळंबीवर्गाच्या डोक्याशी पचनग्रंथी असते, तिच्यात त्यांचं स्वतःचं ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन असतं. मेल्यावर, वाळायला वेळ लागला की ते आपल्याच मांसाला कापत सुटतं. म्हणजे तू ट्रिप्सिन घालायच्या आधीच तिथे काप पडलेले होते आणि सगळे काही लायसिन-आर्जिनिनवर नव्हते. शोधात एक टोक मोकळं सोड (सेमी-ट्रिप्टिक) आणि किती नवीन सापडतं बघ. मात्र उमेदवार अनेक पटींनी वाढतात, त्यामुळे रेघ वर सरकते आणि काही जुनी गळतात. दोन्ही निकाल शेजारी ठेवून ठरव.

युरिया विचारायचा राहिला. गरम केलास का? युरियाचा काही भाग सायनेट होतो आणि लायसिनला चिकटून बसतो, +४३.०१. तशा लायसिनवर ट्रिप्सिन कापत नाही. मेमध्ये एसी बंद असलेल्या खोलीत टेबलावर ठेवलेला युरियाही मला चालत नाही. त्या दिवशी ताजा करायचा आणि गार ठेवायचा. आयोडोॲसिटामाइडही सढळ हाताने नको. सिस्टिनवर +५७.०२ हवंच, पण जास्त झालं की ते इतरत्र बसतं, आणि ५७.०२ म्हणजे बरोबर एका ग्लायसिनचं वजन. मग सॉफ्टवेअरला नसलेलं ग्लायसिन दिसायला लागतं.

राहिली आई. यादीत ट्रोपोमायोसिन वर आहे याचा अर्थ जवळ्यात ते कोळंबीपेक्षा जास्त किंवा कमी, असा काहीच निघत नाही. काही पेप्टाइडं हसत उडतात, म्हणजे मशीनला सहज दिसतात, काही उडतच नाहीत, लांब प्रथिनाची पेप्टाइडं मुळातच जास्त. मात्रा हवी असेल तर जड आयसोटोपचं तेच पेप्टाइड विकत घेऊन, मोजून घालून तुलना करावी लागते. पण ते जवळ्यात आहे एवढं नक्की, आणि ट्रोपोमायोसिन शिजवून मरत नाही. चटणी भाजली म्हणून सुटका नाही. ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे घेऊन जा, चटणी खायला घालून प्रयोग करू नकोस.

माटुंगेकर

एमबायझेड, बाकी सगळं मान्य, पण त्याच्या त्या पार्व्हाल्ब्युमिनबद्दल बोला की. एका पेप्टाइडवरचं प्रथिन आम्ही लिहूच देत नाही. दोन पेप्टाइडांच्या खाली असेल ती ओळ बाद, साधा नियम.

एमबायझेड

साधा आहे म्हणूनच मला आवडत नाही. ह्यूमन प्रोटिओम प्रोजेक्टवाले माणसाचं आजवर न दिसलेलं प्रथिन सापडल्याचा दावा मान्य करायला किमान नऊ अमिनो आम्लांची दोन वेगळी पेप्टाइडं मागतात, आणि तिथे ते योग्यच आहे. पण पार्व्हाल्ब्युमिन जेमतेम १२ किलोडाल्टनचं. त्यातून मशीनला झेपतील अशी पेप्टाइडं निघतात मूठभर, त्यात याच्या डेटाबेसमध्ये मांदेली नाही, तिची चुलत बहीण आहे. एका अमिनो आम्लाचा फरक पडला की पेप्टाइड जुळायचं बंद. अशा वेळी एक जुळलं तेच नशीब. उलट मायोसिनसारख्या दोनशे किलोडाल्टनच्या धुडावर दोन चुकीचे स्पेक्ट्रम सहज बसू शकतात आणि तुमचा नियम ते आत घेईल.

विरारफास्टने ती ओळ ठेवावी, स्पेक्ट्रम परिशिष्टात छापावा आणि ‘एका पेप्टाइडावर’ असं लिहावं.

माटुंगेकर

परिशिष्टात स्पेक्ट्रम छापणार असेल तर माझी हरकत मागे.

विरारफास्ट

लावला पुन्हा. कोळंबीत अस्पॅराजिन, झुरळात अस्पार्टिक आम्ल, ताई म्हणाल्या तेच. हलकं रूप दीड मिनिट आधी निघतंय आणि तेही भरपूर. झुरळाचं दुसरं एकही प्रथिन आलेलं नाही. दोन्ही ओळी एकाच गटात गेल्या. सेमी-ट्रिप्टिकमध्ये तर पेप्टाइडं धबाधबा वाढली, मायोसिनची सगळ्यात जास्त, पण लहानसहान गट काही गळले.

मॅडमना पाठवलेलं वाक्य: ‘व्हेनामी, टायगर व इतर संबंधित जातींच्या सीक्वेन्सवर शोध घेता, प्रथिन पातळीवर १ टक्का एफडीआर ठेवून आणि दूषके वगळून ३४० प्रथिन-गट आढळले, जवळ्याचे स्वतःचे पुरेसे सीक्वेन्स उपलब्ध नसल्याने जातीची नावे सर्वांत जवळच्या जुळणीची आहेत.’ त्या म्हणाल्या, लांबलचक आहे पण राहू दे. वर पुढच्या महिन्याच्या रनचे पैसेही मंजूर केले. वेसावहून ओला जवळा आणून भिंगाखाली निवडणार, आणि तुलनेला कोळंबी. दोन्ही एकाच दिवशी द्यायची. लॅबला काही सांगून ठेवू का?

एमबायझेड

क्रम लिहून दे, त्यांच्यावर सोडू नकोस. आधी ब्लँक (सॅम्पल न घालता घेतलेला रन), मग निवडलेला जवळा, मग पुन्हा ब्लँक, कोळंबी सगळ्यात शेवटी. उलट लावला तर कोळंबीची पेप्टाइडं कॉलमला चिकटून राहतील आणि जवळ्याच्या रनमध्ये उतरतील, मग ट्रोपोमायोसिन कुणाचं यावर आपण पुन्हा इथेच बसू. ब्लँकच्या रॉ फाइलीही मागून घे, त्या सहसा कुणी आपणहून देत नाही. आणि नायट्राइल हातमोजे घाल. लॅटेक्स नको, रबराच्या चिकाचीही प्रथिनं असतात.

वेसावची_सून

रविवारी येऊ नकोस, गर्दी असते. आठवड्यात मधल्या दिवशी ये, आणि उधाणाचे दिवस बघून ये, डोलीला मासळी तेव्हाच लागते. बशी आणि भिंग तू आण, पाट मी देते.